ब्रश वाळेपर्यंत

आई गेल्या तेव्हा मी सिंगापूरच्या बिशान स्टेशनच्या फलाटावर उभी होते. आदल्या दिवशी त्यांनी चार चमचे पेज घेतली होती, घरी येणारी नर्सही म्हणाली होती की आज जरा बऱ्या दिसतायत, म्हणून म्हटलं अर्धा दिवस ऑफिसला तोंड दाखवून येऊ. नितीनचा फोन आला. एरवी माझा नवरा फोनवर ‘ऐक ना’ म्हणूनच सुरुवात करतो. त्या दिवशी आधी नुसता श्वास ऐकू आला आणि मग, “गेली गं...” एवढंच. समोर गाडी आली, दारं उघडली, दारं मिटली, गाडी गेली. मी होते तिथेच. शेजारी उभ्या असलेल्या एका चिनी आजींनी काही न विचारता माझ्या हातात टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि त्या पुढच्या गाडीत चढून गेल्या. मला वाटतं, आपण रडतोय हे मला तेव्हा कळलं. मग उलट पावली घरी आले.

सासूबद्दल सून चांगलं लिहायला बसली की लोकांच्या भुवया वर जातात, हे मला ठाऊक आहे. त्यातून मी पेशाने ऑडिटर. पुरावा दाखवल्याशिवाय कुणाचा शब्द खरा मानायचा नाही, यावरच माझं पोट चालतं. तेव्हा आधीच सांगून टाकते, आमचं काही अगदी गुळपीठ नव्हतं. आमटीत गूळ किती घालायचा इथपासून इराने केस किती बारीक कापावेत इथपर्यंत आमचे खटके उडायचे. इरा म्हणजे आमची मुलगी. ती दोघींच्या मधून कानाला हेडफोन लावून निघून जायची. पण सुमतीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून घरात माझ्याशी वाद घालायला कुणी उरलेलं नाही, आणि या शांततेचा मला इतका राग येतो की काय सांगू.

सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, ते गेले आणि पुण्याच्या सहकारनगरातल्या जागेला कुलूप लागलं. आईंना एकटं ठेवायला नितीन तयार नव्हता. नणंद माधुरीताई पुण्यातच, पण त्यांच्या घरी त्यांचे आजारी सासरे. मग आई आमच्याकडे सिंगापूरला आल्या, आल्या म्हणजे आणल्या म्हणा ना. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झाल्यावर घेतलेला हा बिशानचा फ्लॅट, तिसरी खोली त्यांची. “माझी नाही हो, मी आपली पाहुणी,” असं त्या येईल-जाईल त्याला हसत सांगायच्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. त्यांच्या इथे राहायच्या पासची मुदत संपत आली की दरवेळी तोच विषय. आता पुरे झालं, आता मला पोचवा. आणि मग ठरलेलं वाक्य, “मला माझ्या घरी मरू दे रे, नितीन.” नितीन हो हो म्हणायचा आणि पास वाढवून आणायचा. पण ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं होतं, हे मला दिसत होतं. वेळ येईल तेव्हा आईला तिच्या घरी न्यायचं, हा त्याने स्वतःला दिलेला शब्दच होता.

पहिलं वर्षभर आई सोफ्याच्या अगदी कडेला बसायच्या. कुणी उठवलं तर चटकन उठता यावं अशा. फ्रीज उघडण्याआधी मला विचारायच्या, थोडं दूध घेतलं तर चालेल का. माझं डोकं फिरायचं. ज्या बाईने पुण्यात अख्ख्या सोसायटीला नाचवलं, लग्नाचे बस्ते बांधायला जिला लोक मुद्दाम घेऊन जायचे, त्या बाईने माझ्या घरात दुधासाठी परवानगी मागावी... पण उपाय काय करायचा ते मला कळत नव्हतं. सकाळी आम्ही दोघं बाहेर, इरा शाळेत. दिवसभर त्या, खिडकी आणि समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांबाहेर काढलेल्या बांबूंवर वाळणारे कपडे.

आमच्या ब्लॉकजवळच्या कम्युनिटी क्लबात ज्येष्ठांसाठी जलरंगाचा वर्ग निघाला तेव्हा मी त्यांचं नाव त्यांना न विचारताच घातलं. विचारलं असतं तर नाहीच म्हणाल्या असत्या. शाळा सुटल्यापासून त्यांनी रंगाला हात लावलेला नव्हता. नितीनला इतका आनंद झाला की त्याने लगोलग ऑनलाइन भलामोठा संच मागवला. जाडे, बारीक, पंख्यासारखे, वाकडे, असे मूठभर ब्रश आणि वर चित्र टेकवायचा एक लाकडी घोडा. आई तो सगळा बाडबिस्तरा घेऊन वर्गाला गेल्या. शिकवणाऱ्या मिसेस टॅन स्वतःच सत्तरीच्या पुढच्या, लांब पासिर रिसहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायच्या. त्यांनी एकेक ब्रश पाण्यात बुडवून झटकला, पसरलेल्या केसांकडे बघितलं आणि सगळे परत पिशवीत घालून दिले. एक गोल घे आठ नंबरचा, एक चपटा घे, बास, असं त्यांनी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं. नवीन माणसाने थोडेच ब्रश घ्यावेत पण चांगले घ्यावेत, नाहीतर चूक आपली की ब्रशची हेच कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाच पटलं. नितीनचं तोंड मात्र उतरलं.

मग एका शनिवारी मी त्यांना ब्रास बसाहला घेऊन गेले. तिथल्या इमारतीत रंगसाहित्याची दुकानं आहेत. मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. पण त्या दुकानात मला माझी खरी सासू पुन्हा भेटली. दुकानदाराने पाण्याचा कप पुढे ठेवला, त्यात ब्रश भिजवून बघायचा. नव्या ब्रशला टोक टिकावं म्हणून खळ लावलेली असते, ती पाण्यात गेल्याशिवाय त्याचं खरं रूप दिसत नाही. मिसेस टॅननी शिकवलं होतं तसं आईंनी भिजवायचं, मनगटाने एकदाच झटकायचं आणि टोक आपसूक जुळून येतंय का ते डोळ्यांशी धरून बघायचं. न जुळलं की बाजूला. मंडईत भेंडीची टोकं मोडून बघताना भाजीवाल्याच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करावं, तितक्याच निर्धाराने त्यांनी ट्रे पालथा घातला. केसांचं पोट भरलेलं हवं, तिथेच पाणी राहतं. केस चिमटीत धरून हलकेच ओढले तर एकही हातात यायला नको. पत्र्याची नळी दांड्यावर खुळखुळायला नको. मी घड्याळ बघत होते आणि आई रंगात आल्या होत्या.

सगळ्यात देखणा ब्रश दुकानदाराने शेवटी काढला. त्याचं टोक असं जुळलं की सुईच. आईंनी मला विचारलं, केस कशाचे म्हणून विचार. मी विचारलं. मुंगसासारखा एक प्राणी असतो, त्याच्या शेपटीचे, असं कळलं. आईंनी पुढचा प्रश्न विचारायला लावला, की कापून घेतात का मारून. दुकानदार ओशाळं हसला आणि त्याने खांदे उडवले. आईंनी तो ब्रश पाण्यातून काढला, टिपकागदाला पुसला, टोक नीट केलं आणि मानाने परत ठेवला. मग नायलॉनच्या केसांचे दोन घेतले. दुकानदार म्हणाला की नवशिक्यांना तेच बरे, टिकतातही जास्त आणि धसमुसळा हात सोसतात. “माझा हात धसमुसळा आहे का बघू आता,” आई मराठीतच त्याला म्हणाल्या, आणि त्यालाही ते समजलं असावं, कारण दोघेही हसले. परतताना गाडीत त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, सीटवर नीट मागे टेकून.

पहिले कित्येक आठवडे चित्र वगैरे काही नाहीच. नुसत्या रेघा. टोकाने बारीक, पोटाने जाड, पुन्हा बारीक. आणि रेघांपेक्षा जास्त वेळ ब्रश धुण्यात. मिसेस टॅनची शिस्त कडक. ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा सोडायचा नाही, टोक कायमचं वाकतं आणि नळीतला डिंक सुटून केस गळायला लागतात. गरम पाणी नको. धुताना तळहातावर हलके गोल गोल फिरवायचा, नळीजवळ दडलेला रंग निघेपर्यंत. मग सुईत ओवताना दोऱ्याचं टोक काढतो तसं दोन बोटांत धरून टोक काढायचं आणि टॉवेलवर आडवा निजवायचा. आणि पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळायचा नाही, डब्यात कोंडायचा नाही. इथली हवाच अशी दमट की ओला ब्रश बंद केला तर बुरशी आलीच म्हणून समजा. खिडकीजवळ मी एक घडीचं टेबल लावून दिलं. त्यावर टॉवेल, टॉवेलवर ब्रश. त्या टेबलावर माझा लॅपटॉप ठेवलेला त्यांना चालायचा नाही. “इथे नको गं, हे माझं आहे,” असं त्या एकदा सहज बोलून गेल्या, आणि मी लगेच लॅपटॉप उचलला. इतका आनंद मला कुणी दटावल्यावर कधी झाला नव्हता.

पण आमची माणसं कुठे चुकतील ते आमच्याच माणसांना कळेल. एसीच्या खोलीत ब्रश वाळून कडक व्हायचे. आईंनी केसांवरून बोट फिरवून बघितलं, राठ लागले. इराच्या डोक्याला लावायला खोबरेल कोमट केलं होतं, त्यातलं उरलेलं त्यांनी रात्री दोन्ही ब्रशांना चांगलं मुरवून लावलं. सकाळी कसे मऊ झालेत ते मला कौतुकाने दाखवलंसुद्धा, आणि मीही शाबासकी दिली, मला तरी काय कळतंय! वर्गात रंग घ्यायला गेल्या तर केस पाणी धरेनात. कागदावर नुसते थेंब थेंब, तेलकट ताटावरून पाणी पळावं तसे. मिसेस टॅननी ब्रश नाकाशी नेला. “आयो, आंटी, यू कुकिंग धिस वन आह?” अख्खा वर्ग हसला, आणि आईसुद्धा हसल्या म्हणे. पण घरी आल्यावर ब्रश टेबलावर ठेवून त्या सोफ्याच्या कडेला जाऊन बसल्या. मी कामावरून आले तेव्हा तिथेच होत्या. मला नाही जमत इथलं काही, मला पोचवा... पुन्हा तेच सुरू झालं. मला माहीत होतं की आत्ता त्या खचल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत.

मी म्हटलं, आई, तुमच्या केसांना तेल होतं तेव्हा तुम्ही ते काढायचात कशाने? त्या उठल्या, स्वतःच्या बॅगेतून रिठ्यांची पुरचुंडी काढली. रिठे भिजवले, कुस्करले, फेस काढला आणि त्या कोमटसुद्धा नसलेल्या पाण्यात ब्रश धूत बसल्या. जेवायला बोलावलं तरी येईनात. इरा तिच्या खोलीतून बाहेर आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, “आजी, कॅन वन लाह, सी, ऑलमोस्ट गॉन,” म्हणजे जमतंय की, जवळजवळ गेलंच. आजीला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी दुसरा ब्रश तिच्या हातात दिला. पुढच्या वर्गाला त्या मिसेस टॅनसाठी डबीभर रिठे घेऊन गेल्या. त्या दोघींची मैत्री तिथून जमली. एकीचं मँडरिन, एकीचं मराठी, आणि मधे दोघींच्या वाट्याचं मिळून पाऊण इंग्रजी. वर्ग झाला की हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, एकेक कप घेऊन तासभर बसायच्या. काय बोलतात, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढे चित्रं आली, दोनाचे चार-पाच ब्रश झाले. सुरुवातीला सगळी पुण्याची. बाल्कनीतली कुंडी, आण्णांची आरामखुर्ची, पर्वतीच्या पायऱ्या. मग हळूहळू समोरच्या ब्लॉकचे बांबू आणि त्यावरचे रंगीबेरंगी कपडे यायला लागले. पाठमोऱ्या इराची वेणी. ईस्ट कोस्टला आम्ही रविवारी चालायला जायचो तिथली लांबवर थांबलेली जहाजं. एकात दारात चपला काढताना वाकलेली मी, माझी पाठ आहे त्याहून बरीच रुंद! मी तक्रार केली तर म्हणाल्या, दिसतं ते काढते. चित्रं फार थोर होती असं काही मी म्हणणार नाही. पण सोफ्याची कडा कधी सुटली आणि फ्रीज कधी न विचारता उघडायला लागला ते आम्हाला कळलंही नाही. पासची मुदत आली की मात्र तोंडातून जुनंच वाक्य यायचं, सवयीने. माझ्या घरी मरू दे. नितीन ते दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचा.

आणि मग त्यांचं जेवण कमी झालं, डोळे पिवळे दिसायला लागले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आत्ता त्या विमानात बसू शकतील, पुढे सांगता येत नाही, असं म्हणाले. नितीनने त्याच संध्याकाळी आईचा हात हातात घेऊन सांगितलं की आपण पुण्याला जायचं, मी रजा टाकतो, सगळं करतो. माधुरीताईंनी तिकडे कुलूप काढून घर झाडून पुसून घेतलं, पलंग आणला. नितीन फोनवर फोन करत होता. इतकं दुःख होतं, पण आपण आईचा शब्द पाळतोय याचं एक बळ त्याच्या अंगात आलं होतं. तिकिटाची तारीख विचारायला तो आईंकडे गेला. त्या म्हणाल्या, “ब्रश ओले आहेत रे अजून. वाळू देत, मग बघू.” त्याला वाटलं, औषधाची गुंगी. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ब्रश ओले. आई, ते मी मागाहून आणेन, असं तो म्हणाला, तर तसं नाही चालायचं, त्यांना बुरशी येईल. मग तो माझ्याशी भांडायला आला, तू समजाव तिला, दिवस निघून चाललेत.

त्या आठवड्यात मी घरूनच काम करत होते. दुपारी त्यांच्या खोलीत सरबत घेऊन गेले. आई खिडकीशी खुर्चीत, शाल घेऊन. टेबलावर कोरा कागद. रंगांच्या वड्या कोरड्या ठणठणीत, त्यांवर धूळ. आणि टॉवेलवर त्यांचे सगळे ब्रश ओळीने निजवलेले, टोकं जुळवलेली, ओले. शेजारी स्वच्छ पाण्याची वाटी. ऑडिटरच्या नजरेतून हे सुटणार कसं?

“आई,” मी म्हटलं, “आज तुम्ही रंगाला हात लावलेला नाही. मग हे ओले कसे?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. नितीन घरात नव्हता. तरी आवाज खाली आणून म्हणाल्या, “इतकी वर्षं मीच धोशा लावला ना गं, मला माझ्या घरी न्या म्हणून. तो बिचारा सगळं टाकून न्यायला निघालाय. आता कुठल्या तोंडाने सांगू, मला नाही जायचं म्हणून?”

मी सरबताचा पेला तसाच हातात धरून उभी. मग त्याच बोलत राहिल्या... “तिथे आता नुसतं कुलूप आहे, मेघना. हे नाहीत, शेजारच्या वहिनी नाहीत. इथे सकाळी मला काम असतं. समोरच्या बायका कपडे वाळत घालतात, इरा येते, तू दारातूनच ओरडत येतेस. माझं घर हेच झालंय. पण नितीनला नको सांगूस. त्याला वाटेल आई आपल्यासाठी मन मारतेय, आणि तो आणखीच हट्टाने नेईल. आणि माधुरीने तिकडे पलंग आणलाय गं... ह्यांनी हौसेने घेतलेली जागा. ती नको म्हणाले तर पोरीला काय वाटेल?”

मी सांगणार नाही म्हणून शब्द दिला. त्यांच्या पायाशी बसले आणि गुडघ्यावर डोकं ठेवलं, हे आमच्यात यापूर्वी कधी घडलं नव्हतं. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, राठ झालेत, तेल लाव. त्यानंतर सकाळी वाटीत पाणी मीच भरून ठेवायला लागले. नितीन विचारायचा, त्या उत्तर द्यायच्या, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. हळूहळू विमानात बसता येण्याची मुदत टळली. डॉक्टरांनी नको म्हटलं त्या दिवशी नितीन लिफ्टसमोर भिंतीला टेकून उभा राहिला होता, मला आठवतंय. मिसेस टॅन पासिर रिसहून दर आठवड्याला यायच्या. आईंचा हात हातात घेऊन बसायच्या, उठताना टॉवेलवरचे ब्रश एकदा बघून जायच्या. आई शेवटचे काही दिवस फारसं बोलल्याच नाहीत. खिडकीकडे तोंड करून झोपायच्या. गेल्या त्याही तशाच, त्यांच्या खोलीत, सकाळच्या वेळी.

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचं काय करायचं हा प्रश्न येतोच. साड्या माधुरीताईंना, काही मला, काही इथल्या मैत्रिणींना. त्यात मला काही जड गेलं नाही. नितीन मात्र आतून पोखरला जात होता. जेवताना मधेच थांबायचा. भेटायला येणाऱ्यांना तेच सांगायचा, आईची एकच इच्छा होती, तेवढी मला पुरी करता आली नाही. लोक मान हलवायचे, देवाच्या मनात नव्हतं म्हणायचे, आणि मी चहाचे कप उचलून आत जायचे. दिलेला शब्द मोठा की हा समोर सुकत चाललेला माणूस? मी रोज हा हिशोब मांडत होते आणि रोज तो चुकत होता.

अस्थी घेऊन तो पुण्याला निघणार होता तेव्हा माधुरीताईंचा फोन आला. आईचे ब्रश घेऊन ये, तिच्या खोलीत ठेवू म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, लेकच ती. नितीनलाही ते एकदम पटलं. “ती नाही जाऊ शकली,” तो म्हणाला, “निदान तिचे ब्रश तरी तिच्या घरी जाऊ देत.” हे तो आदल्या संध्याकाळी म्हणाला. सकाळी मी उठले, चहाचं आधण ठेवायच्या आधी वाटीत पाणी घेतलं आणि त्या खोलीत गेले. आपण काय करतोय हे मला पुरतं माहीत होतं.

नितीन बॅग घेऊन आला. त्याने ब्रशांना गुंडाळायला जुन्या साडीचा तुकडा आणला होता. ब्रश उचलले आणि थबकला. बोटांकडे बघितलं. “हे ओले कसे?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कोरडे रंग, कोरा कागद, पाण्याची वाटी, कुलूप, पलंग, आणि आई म्हणाल्या होत्या ते, की माझं घर हेच झालंय. तो आईंच्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, “मी रोज झोपेत तिला विमानात बसवत असतो गं. ती काही केल्या सीटवर बसतच नाही...” आणि मग तो रडला. त्या गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठ्याने, लहान मुलासारखा. इरा धावत आली आणि त्याच्या पाठीला धरून उभी राहिली. माझं बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि शब्द मोडल्याचं मला काडीइतकं वाईट वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. माधुरीताईंना काय सांगायचं ते तो सांगेल, असं त्यानेच मला सांगितलं आणि हे लिहायलाही त्यानेच लावलं.

विमानाला वेळ होता. नितीनने बॅगेची चेन लावली, साडीचा तुकडा माझ्याकडे दिला आणि वाटीतलं पाणी स्वच्छच होतं तरी ते ओतून ताजं आणलं. मग खिडकीशी बसून त्याने एकेक ब्रश त्यात बुडवला, मनगटाने एकदाच झटकला आणि दोन बोटांत धरून हलक्या हाताने त्याचं टोक काढलं. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तो इतके दिवस आईकडे बघत होता.